मवाळ मौलाना मिळेल का?

मराठी वृत्तवाहिन्यांच्या आणि दैनिकांच्या सर्व संपादकांना,



पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात पुन्हा तोच फोन आला. दुपारचे चार वाजले होते, दिल्लीतल्या ओखल्यात वीज गेली होती, आणि पलीकडून पंचविशीतला एक मुलगा धापा टाकत बोलत होता. ‘‘सर, आठच्या शोला एक मवाळ मौलाना मिळेल का? हिंदी चालेल. दाढी पाहिजे. टोपी असेल तर उत्तमच.’’ विषय काय, म्हणून विचारलं. ‘‘विषय साडेसहाच्या मीटिंगला ठरेल.’’ दोन महिन्यांपूर्वी याच मुलानं मला सांगितलं होतं, ‘‘आज मवाळ नको सर, जरा तापट बघा.’’

वाहिनीचं नाव घेत नाही. मुलाची नोकरी नवी आहे आणि चूक त्याची नाही. हातात दिलेली यादी तो वाचून दाखवतो. यादी तुम्ही केलेली आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

मी परभणीचा. दिल्लीत बावीस वर्षं झाली. उर्दूतून मराठीत अनुवाद करतो, त्यावर घर चालतं. उर्दू आजोबांकडून आली. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूत झाली, शेताचे कागद उर्दूत होते. आजोबा पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणत आणि दुकानाची खतावणी उर्दूत लिहीत. यात काही समजावून सांगण्यासारखं आहे, असं त्यांच्या मनातही कधी आलं नाही. हे सांगितलं ते एवढ्यासाठी की मी कुणाचा प्रवक्ता नाही. ज्यांच्याबद्दल तुम्ही रोज संध्याकाळी बोलता, त्यांचं लिहिलेलं वाचतो, इतकाच माझा अधिकार.

पहिली तक्रार ‘मवाळ’ या शब्दाबद्दल. हा शब्द मराठी माणसानं तरी इतका सैल वापरू नये. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जोडा उडाला तो मवाळ आणि जहाल यांच्याच भांडणात. गोखले मवाळ, टिळक जहाल, हे आपण चौथीपासून ऐकत आलो. पण समाजसुधारणेचा विषय निघाला की पाट्या उलट्या होत. १८९१ च्या संमतिवयाच्या बिलाला टिळकांनी कडाडून विरोध केला. परक्या सरकारनं कायदा करून आमच्या धर्मात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. सुधारणेच्या बाजूनं उभे होते ते आगरकर आणि त्यांच्या विचाराची मंडळी. धर्माच्या बाबतीत जुन्या वळणाचा आणि देशाच्या बाबतीत जाज्वल्य, अशी दोन्ही विशेषणं एकाच माणसाला शोभतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग तोच माणूस टोपीवाला असला की आपण दोन वजनं एकाच काट्यात का टाकतो? जितका नमाजी तितका परका, आणि जितका नमाज बुडवणारा तितका आपला. तुमच्या यादीतल्या ‘मवाळ’चा अर्थ शेवटी एवढाच उरतो.

या काट्यावर हुसेन अहमद मदनी यांना ठेवून बघा. देवबंदच्या मदरशात तीस वर्षं हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, शिकवणारा माणूस. दाढी, खादी, पाच वेळची नमाज, सगळं काटेकोर. टिळकांना मंडाले, तसं यांना माल्टा: पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी गुरू महमूद हसन यांच्यासोबत त्यांना त्या बेटावर डांबलं, सुटका झाली १९२० मध्ये. वर्षभरात, इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणं मुसलमानाला निषिद्ध आहे असं जाहीर केल्याबद्दल कराचीच्या खटल्यात अली बंधूंबरोबर दोन वर्षांची सक्तमजुरी. पुढे याच कर्मठ माणसानं पाकिस्तानच्या मागणीला शेवटपर्यंत विरोध केला. आणि मागणी करणाऱ्यांचे पुढारी जिना? सूट, सिगार, इंग्रजी. नमाज-रोज्याचं त्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं. सगळेच उलेमा, म्हणजे धर्मपंडित, मदनींच्या बाजूनं होते असं मात्र नाही. शब्बीर अहमद उस्मानी यांच्यासारखे देवबंदचेच मोठे विद्वान मुस्लिम लीगकडे गेले. हे भांडण एका मदरशाच्या आत, एकाच गुरूच्या शिष्यांमध्ये चाललं होतं.

या भांडणातली एक गोष्ट तुमच्या धंद्याशी संबंधित आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जानेवारी १९३८. दिल्लीच्या सदर बाजारात मदनींची सभा झाली. आजच्या काळात ‘कौम’ वतनावरून बनते, असं ते म्हणाले. म्हणजे एका भूमीवर राहणारे हिंदू, मुसलमान, शीख मिळून एक कौम. दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्याच एका उर्दू वर्तमानपत्रानं छापलं की मौलानांच्या मते ‘मिल्लत’ वतनावरून बनते. फरक एका शब्दाचा. पण ‘मिल्लत’ म्हणजे धर्मानं बांधलेला समाज. देवबंदचा मुख्य शिक्षक जर धर्मसमाजच भूगोलावर उभा करत असेल, तर मग सगळाच घोटाळा. ही बातमी लाहोरला अंथरुणावर पडलेल्या कवी इक्बालांपर्यंत गेली. त्यांनी फारसीत तीन शेर लिहिले, इतके जहरी की ते वाऱ्यासारखे पसरले. मग पत्रव्यवहार झाला. मी कौम म्हटलं होतं, मिल्लत नव्हे, आणि जे म्हटलं ते आज जगात काय चाललंय याचं वर्णन होतं, असा मदनींनी खुलासा केला. इक्बालांनी मोठ्या मनानं जाहीर केलं की आता माझा आक्षेप उरला नाही. थोड्याच दिवसांत, २१ एप्रिलला, ते वारले. शेर मात्र त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या संग्रहात तसेच छापले गेले, आणि आजही मदनींची टिंगल करायची असली की तेच म्हटले जातात. खुलासा आतल्या पानावरच राहिला. तुमच्याकडेही तो आतल्याच पानावर असतो, नाही का?

त्या वादातून मदनींनी ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ हे छोटं पुस्तक लिहिलं. माझी प्रत जामा मशिदीसमोरच्या उर्दू बाजारातली. तिथे आता पुस्तकांपेक्षा कबाबची दुकानं जास्त झाली आहेत. दुकानदारानं वरच्या फळीवरून गठ्ठा काढला, फडक्यानं झटकला आणि हसून म्हणाला, ‘‘इसे अब कौन पूछता है.’’ पानं पिवळी, कोपऱ्याला तेलाचा डाग, आणि आधीच्या मालकानं जिथे जिथे ‘मिल्लत’ आणि ‘कौम’ एकाच ओळीत आले तिथे पेन्सिलीनं बारीक खूण केलेली. माझ्याआधी कुणीतरी हे पुस्तक नीट वाचलं होतं. मदनींचा मुख्य आधार आहे मदिनेचा करार. पैगंबरांनी मदिनेत आल्यावर तिथल्या ज्यू आणि इतर टोळ्यांशी करार केला: बाहेरच्या शत्रूसमोर सगळे एक, धर्म ज्याचा त्याचा. मग हिंदुस्थानात असा एकोपा इस्लामबाह्य कसा ठरेल, असा त्यांचा सवाल. हा युक्तिवाद गांधींकडून उसना आणलेला नाही, काँग्रेसच्या ठरावातून उचललेला नाही. तो हदीसच्या वर्गातून आलेला आहे. तुम्हाला तो पटला नाही तरी हरकत नाही. त्यात एक गाठ आहेच, आणि तिच्याकडे मी पुढे येतो. पण ‘देश मोठा की धर्म?’ हा तुमच्या अँकरचा लाडका प्रश्न. त्याचं सविस्तर उत्तर सत्तर-ऐंशी वर्षांहून जास्त काळ याच शहरात पडून आहे, हे प्रश्न विचारण्याआधी माहीत असायला हवं.

दुसरी तक्रार भाषांतराची, म्हणजे माझ्याच धंद्याची. उर्दूत ‘कौमी तराना’ म्हणजे राष्ट्रगीत, ‘कौमी एकता’ म्हणजे राष्ट्रीय एकात्मता. तोच मौलाना पुढच्या वाक्यात ‘हमारी कौम में तालीम की कमी है’ म्हणाला, तर तिथे कौम म्हणजे मुस्लिम समाज. संदर्भ बघूनच ठरवावं लागतं. काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला इथल्या एका मदरशात झेंडावंदन झालं. म्हातारे मौलवी म्हणाले, हमारे बुजुर्गों ने कौम के लिए जानें दीं. ते माल्टाच्या कैद्यांबद्दल बोलत होते. एका मराठी वाहिनीवर खाली पट्टी आली: ‘धर्मासाठी जीव देण्याची भाषा’. मी फोन केला. पट्टी काढली गेली, पण तोवर तिचा फोटो गावोगावच्या मोबाईलवर पोचला होता. १९३८ मध्ये निदान छापखान्याला एक रात्र लागत असे.

आता तुम्ही म्हणाल, ही दिल्लीची भानगड, आपला काय संबंध. मदनींच्या पुस्तकावर सर्वांत धारदार टीका केली ती अबुल आला मौदूदी यांनी. राष्ट्रवाद हीच मुळात पश्चिमेकडून आलेली मूर्ती आहे, असं त्यांचं प्रतिपादन. हे मौदूदी जन्मले १९०३ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तरुणपणी दिल्लीत येऊन मदनींच्याच जमियत उलेमा-ए-हिंदच्या ‘अल-जमियत’ या पत्राचं संपादन करत होते. म्हणजे ज्या घरात लिहायला शिकले, त्याच घराशी पुढे भांडले. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामी काढली, फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले. हिंदुस्थानात राहिलेल्या जमातीनं हळूहळू आपली भूमिका बदलली. एके काळी निवडणुकीत मत देण्यालाही तिची मनाई होती, आज ती लोकशाहीच्या बाजूनं पत्रकं काढते. आणीबाणीत जमात आणि संघ, दोघांवरही एकदमच बंदी आली होती. जमातीचं मुख्यालय माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, अबुल फजल एन्क्लेव्हमध्ये आहे, आणि २०१९ पासूनचे तिचे अध्यक्ष सय्यद सादतुल्लाह हुसैनी नांदेडचे आहेत. ‘दिल्लीचे मौलाना’ म्हणून तुम्ही ज्यांना पडद्यावर दाखवता, त्यांच्यातल्या एखाद्याला तुमचा मराठी प्रश्न थेट कळण्याचीही शक्यता असते. मराठवाड्यानं संत दिले, कवी दिले, तसा हा वादही दिला आहे. त्याचं काय करायचं ते ठरवा, पण हा माल आपला नाहीच असं म्हणू नका.

तिसरी तक्रार सांगण्यासाठी तुम्हाला निजामुद्दीनला न्यावं लागेल. एखाद्या गुरुवारी संध्याकाळी या. रस्त्याच्या पूर्वेला रेल्वे स्टेशन, पश्चिमेला बस्ती. गल्लीत शिरलात की आधी गुलाबाच्या पाकळ्यांचा आणि तंदुरीचा वास एकत्र येतो. डाव्या-उजव्या हाताला चपला सांभाळणारे ओरडत असतात. थोडं पुढे बंगलेवाली मशीद, तबलीगी जमातचं मरकज: पायजमा घोट्याच्या वर, पाठीवर गादीची वळकटी, राजकारणावर एक अक्षर नाही, कारण त्यांच्या शिस्तीत ते बसतच नाही. आणखी आत दर्गा. तिथे वसंत पंचमीच्या सुमारास मोहरीची पिवळी फुलं घेऊन कव्वाल येतात, आणि तबलीगवाल्यांना हे फारसं रुचत नाही. आणि बस्तीपलीकडच्या शांत वसाहतीत, निजामुद्दीन वेस्टमध्ये, अखेरपर्यंत मौलाना वहीदुद्दीन खान राहत होते. ते आधी मौदूदींच्या जमातीत होते. मग १९६३ मध्ये ‘ताबीर की गलती’ लिहून बाहेर पडले. धर्माचं राजकीय आंदोलन करणं हीच मूळ चूक आहे, हे त्यांचं म्हणणं. १९७६ पासून ‘अल-रिसाला’ मासिक चालवलं. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतरच्या तप्त दिवसांत आचार्य मुनी सुशीलकुमार आणि स्वामी चिदानंद यांच्यासोबत त्यांनी मुंबई ते नागपूर पंधरा दिवसांची शांतियात्रा केली, वाटेत पस्तीस ठिकाणी बोलले. आपल्याच गावांतून ते गेले. मुसलमानांनी बाबरीचा हट्ट सोडावा आणि हिंदूंनी अयोध्येवर थांबावं, असं सांगितल्याबद्दल स्वतःच्या समाजाकडून त्यांनी शिव्या खाल्ल्या. मलाही त्यांचं सगळं पटत नाही. दुबळ्यालाच दर वेळी संयम शिकवायचा आणि बलवानाला एखाद्या ओळीत मोकळं सोडायचं, हा त्यांच्या लेखनातला तोल मला खटकतो. त्यांना २००० मध्ये पद्मभूषण आणि २०२१ च्या जानेवारीत पद्मविभूषण जाहीर झालं. त्याच वर्षी करोनानं गेले. तारीख २१ एप्रिल, इक्बालांचीच. तुमच्या व्याख्येतला मवाळ मौलाना खरोखर कुणी असेल तर तो हा. मग त्यांच्या हयातीत तुम्ही त्यांची सविस्तर मुलाखत घ्यायला कितीदा माणूस पाठवलात?

मरकज, दर्गा, वहीदुद्दीन खान. चालत दहा मिनिटांत तिन्ही. राजकारणापासून तीन वेगळ्या अंतरांवर उभी असलेली तीन घरं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, करोना मरकजमधून पसरला म्हणत, या सगळ्याला तुम्ही एक नाव दिलंत: ‘निजामुद्दीन’. त्या महिन्यांतल्या तुमच्या मथळ्यांची कात्रणं माझ्याकडे आहेत. पुढचं तुम्हाला आठवत असेल. अहमदनगर जिल्ह्यात तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. बळीचा बकरा शोधण्यात आला, असा निष्कर्ष काढताना न्यायालयानं छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांच्या प्रचारावरही कडक शब्दांत ताशेरे ओढले. निकाल मराठी मुलखातला, कोर्ट मराठी मुलखातलं, ठपका तुमच्यावर. बातमी तुम्ही दिलीत. मार्चमध्ये दिलेल्या तासांशी ती ताडून बघा, एवढंच म्हणतो.

संयम आणि मध्यममार्ग यांचे सरकारी सोहळे तुम्हाला आवडतात, कारण तिथे पास मिळतात आणि व्यासपीठ चांगलं उजळलेलं असतं. मार्च २०१६ मध्ये विज्ञान भवनात जागतिक सूफी परिषद झाली, पंतप्रधान आले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच सभागृहात जॉर्डनचे राजे इस्लामी वारसा आणि संयम यावर बोलले. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोधी रोडवरच्या इंडिया इस्लामिक कल्चरल सेंटरमध्ये भारत आणि इंडोनेशियाचे उलेमा एकत्र बसले, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवल उपस्थित होते. इंडोनेशियाचं उदाहरण खरोखर शिकण्यासारखं आहे. तिथे धार्मिक मध्यममार्ग हे सरकारी धोरणच आहे, आणि नहदतुल उलेमा ही प्रचंड संघटना मायभूमीवरच्या प्रेमाला श्रद्धेचाच भाग मानते. पण जकार्ताहून आलेला पाहुणा हे सांगतो तेव्हा तुम्ही ‘ऐतिहासिक’ लिहिता. तेच सदर बाजारात १९३८ साली सांगितलं गेलं, तेव्हा इंडोनेशिया नावाचा स्वतंत्र देशही नव्हता. अरबीतला ‘वसत’ म्हणजे मधला; त्याच धातूतून तिकडे मध्यममार्गासाठी ‘वसतिया’ आला. दिल्लीचे मौलवी साधं ‘एतदाल’ म्हणतात. विमानानं आलेल्या शब्दाला आपण हार घालतो, गल्लीतल्या शब्दाला ओळखही दाखवत नाही. शिवाय सरकारनं बोलावलं की संयमाचा रंग जरा उतरतो, हे त्या सभागृहात बसलेल्या मौलवींनाही ठाऊक असतं. ‘‘हम को तो हर बार सनद लेनी पड़ती है,’’ असं एकानं मला चहाच्या टेबलावर सांगितलं होतं.

गोड गोड तेवढं निवडतोय, असं वाटत असेल तर मेहदियानला चला. दिल्ली गेटजवळ, इस्पितळांच्या मागे, जुनं कब्रस्तान आहे. शाह वलीउल्लाह तिथे झोपले आहेत. अहमदशाह अब्दालीला पत्र लिहून मराठ्यांविरुद्ध बोलावणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. मराठी माणूस त्या कबरीसमोर उभा राहिला की पानिपत आठवणारच, मलाही आठवलं. शेजारी त्यांचे पुत्र शाह अब्दुल अजीज. दिल्ली आता ‘दारुल हर्ब’, म्हणजे इस्लामी अंमल नसलेला मुलूख, झाली, असा त्यांचा प्रसिद्ध फतवा आला तो इंग्रजांचा अंमल बसल्यावर. आणि इंग्रजांनी दिल्ली घेतली कुणाकडून? दौलतराव शिंद्यांच्या फौजेकडून, ११ सप्टेंबर १८०३ ला, पटपडगंजच्या लढाईत. बाप मराठ्यांविरुद्ध अफगाणाला बोलावतो, आणि मुलाच्या हयातीत शहरावर मराठ्यांचा अंमल येतो, जातो, मग तो फतवा निघतो. त्या लढाईचं इंग्रजांनी उभारलेलं स्मारक आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर आहे. तिथून फार लांब नाही फिल्म सिटी, जिथे अनेक वाहिन्यांचे स्टुडिओ आहेत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या वार्ताहराला तिथवर चालत जायला सांगा.

हमीद दलवाई. हे नाव तुम्ही काढणार हे मला माहीत आहे, आणि काढलंच पाहिजे. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेणारा, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारा हा मिरजोळीचा माणूस अवघ्या ४४ व्या वर्षी गेला. त्यांची राष्ट्रवादी उलेमांवरची टीका अजून शिळी झालेली नाही. हे लोक पाकिस्तानच्या विरोधात होते पण सुधारणेच्याही विरोधात होते, असं ते बजावत. इथेच ती मघाची गाठ येते. मदनींच्या संयुक्त राष्ट्रात प्रत्येक समाजाचा व्यक्तिगत कायदा त्याच्या त्याच्याकडे राहणार होता. त्या करारात बाईला कुणी विचारलंच नव्हतं. १९७२ च्या डिसेंबरात मुंबईत परिषद भरली आणि त्यातून मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभं राहिलं. १९८५ मध्ये शाहबानोच्या पोटगीच्या निकालावर याच वर्तुळातून काहूर उठलं, १९८६ चा कायदा आला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी एकतर्फी तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हाही बोर्ड याचिका करणाऱ्या बायकांच्या समोरच्या बाजूला उभं होतं. या प्रश्नावर मी उलेमांच्या बाजूनं नाही. त्यांना मी तोंडावर सांगतो की परक्या सरकारचा टिळकांचा मुद्दा तुम्ही स्वतःच्या सरकारपुढे मांडताय. ते चिडतात, मग चहा मागवतात.

पण दलवाईंनी वाचून, भांडून, जोखीम घेऊन जे केलं, त्याची तुम्ही काठी करून टाकली आहे. मौलाना दिसला की दलवाई फेकून मारायचे. दलवाईंनी तुमच्यासारख्या उदारमतवादी हिंदूंबद्दल काय लिहिलं, ते कधी छापता का?

चौथी तक्रार माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. तीन वर्षांपूर्वी तुमच्यापैकी एकाच्या आग्रहावरून मी एक मौलाना पाठवले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर हदीस शिकवलेले, टीव्हीवर कधी न गेलेले. विषय ‘मुसलमान आणि राष्ट्र’ असा सांगितला होता. त्यांनी दोन पानं टिपणं काढली, उर्दूत, सुबक हस्ताक्षरात. नोएडातल्या भाड्याच्या स्टुडिओत पावणेदोन तास बसवलं. कानातलं यंत्र बसेना, म्हणून ते एका हातानं धरून बसले. त्यांची पाळी आली तेव्हा विषय बदलून एका क्रिकेट सामन्यावर गेला होता. अँकरनं विचारलं, पाकिस्तान हरलं की तुम्हाला आनंद होतो की नाही, एका शब्दात सांगा. त्यांनी ‘‘बेटा, मैं क्रिकेट...’’ एवढं म्हटलं, आणि खिडकी बंद झाली. परतताना कारमध्ये त्यांनी टिपणांची दोन पानं नीट घडी करून माझ्याकडे दिली. ‘‘आपके काम आएंगी,’’ म्हणाले. अक्षरधामपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

म्हणून काही मागणी आहे, जमेल तेवढी पुरी करा. निष्ठेचा प्रश्न विचारणं सोडा. त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि देणाऱ्याला पुढच्या सामन्याला पुन्हा द्यावंच लागतं. कठीण प्रश्न जरूर विचारा, पण ते घरातले असू द्या: कुराणानं मुलीला दिलेला वारशाचा वाटा तुमच्याच वस्तीत किती मुलींच्या हातात पडतो? १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली, त्यावर तुमच्या फतव्यांनी काय केलं? बोर्डावर बायका किती? मदरशातल्या मुलाला देशाची घटना कोण शिकवतं? हे विचारलंत तर मौलाना अडचणीत येतील, आणि ते अडचणीत आलेले मला बघायचेही आहेत. जोगाबाईतली इस्लामिक फिकह अकादमी विम्यापासून अवयवदानापर्यंत एकेका प्रश्नावर परिषदा भरवते, निर्णय छापते. एकमेकांचं खोडलेलंही त्यात असतं. तिथे एखादा वार्ताहर पंधरा दिवस पाठवा, आठच्या शोची घाई न लावता. डेस्कवर उर्दू वाचता येणारा एक माणूस ठेवा. महाराष्ट्रात उर्दू शाळांतून शिकलेल्या, मराठी उत्तम लिहिणाऱ्या पोरापोरींना नोकऱ्या हव्या आहेत. मुंबईत ‘इन्किलाब’ रोज निघतो, तो कचेरीत लावा. ‘कौम’, ‘मिल्लत’, ‘उम्मत’, ‘वतन’ या चार शब्दांचा अर्थ भिंतीवर चिकटवा. आणि ज्याला बोलवाल त्याला विषय आधी सांगा, मग तो बदलू नका.

नगरच्या किल्ल्याचं नाव निघालं की आपण नेहरूंच्या ग्रंथापाशी थांबतो. त्याच किल्ल्यात, त्याच कैदेत, मौलाना आझाद पहाटे उठून चहा करत आणि पत्रं लिहीत. ती पत्रं टपालात टाकायची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले. माझ्या पत्राला निदान टपाल आहे.



आपला,
ओखल्यातला एक मराठी अनुवादक

ता. क. – मौलानांची ती दोन पानं मराठीत करून सोबत जोडली आहेत. साधारण पाचशे शब्द होतात. मानधन नको. त्यात ‘कौम’ हा शब्द पाच वेळा येतो. तीनदा मी ‘देश’ केला आहे, दोनदा ‘समाज’. छापताना तेवढं बदलू नये, ही विनंती.